स्क्रीनसेव्हर लागत नाही? आधी घड्याळ कोण मागे फिरवतंय ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कर सल्लागाराचं छोटं ऑफिस, 8 मशीन, सगळीकडे विंडोज 11. स्क्रीनसेव्हर 10 मिनिटांवर लावलाय. दोन मशीनवर तो कधी लागतच नाही. एकावर लागतो, पण माऊस हलवला तरी पडदा काळाच राहतो. साहेबांनी नुकताच ओएलईडी मॉनिटर घेतलाय, त्याला कुठला स्क्रीनसेव्हर लावावा? आणि ऑफिसातल्या एका मुलाने गणपतीचा सुंदर स्क्रीनसेव्हर नेटवरून उतरवून दिलाय, तो सगळीकडे टाकू का?

शेवटापासून सुरू करतो, कारण ते आधी थांबवायला हवं. तो गणपती टाकू नका.

स्क्रीनसेव्हरची फाइल म्हणजे चित्र नव्हे, व्हिडिओही नव्हे. विंडोजमध्ये तिच्या नावाच्या शेवटी एससीआर असतं आणि आतून ती सरळसरळ एक्सई असते, म्हणजे चालणारा प्रोग्राम. डबल क्लिक केलं की तुमच्या लॉगिनला जे जे करता येतं ते सगळं तिलाही करता येतं. तुमच्या मशीनवर क्लायंटचे पॅन, बँकेची स्टेटमेंट, रिटर्नचे पासवर्ड आहेत. 'गणपती.जेपीजी.एससीआर' अशा नावाची फाइल मेलमधून येते, विंडोज नावाचा शेवटचा तुकडा लपवून ठेवतं, समोर फक्त जेपीजी दिसतं आणि माणूस फोटो समजून उघडतो. ही युक्ती वीस वर्षांपूर्वीची आहे आणि अजून खपते. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'शो' आणि त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' असतं. त्यावर आठही मशीनवर आजच खूण करा. मुलाने ती फाइल एखाद्या मशीनवर चालवून पाहिली असेल तर 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स'मध्ये नवीन काय आलंय ते बघून काढा आणि विंडोज सिक्युरिटीतून त्या मशीनचं ऑफलाइन स्कॅन करा. त्यात मशीन एकदा रीस्टार्ट होतं, तेव्हा उघडी कामं आधी सेव्ह करा.

गणपती हवाच असेल तर पंधरा-वीस फोटो एका वेगळ्या फोल्डरात ठेवा. विंडोजचाच 'फोटोज' नावाचा स्क्रीनसेव्हर निवडा आणि शेजारच्या 'सेटिंग्ज'मधून तो फोल्डर दाखवा. झालं काम.

'वेगळ्या फोल्डरात' हे मुद्दाम लिहिलं. फोटोज स्क्रीनसेव्हर काही न सांगता निवडला तर तो तुमचा 'पिक्चर्स' फोल्डर उचलतो. आमच्या गावातल्या एका झेरॉक्सवाल्याने काउंटरवरच्या मशीनला हा स्क्रीनसेव्हर लावला होता. त्याच्या स्कॅनरच्या फाइल पिक्चर्समध्येच जात होत्या, हे त्याच्या लक्षात नव्हतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की काउंटरच्या मॉनिटरवर लोकांची आधार कार्डं, रेशन कार्डं, एकाचा तर जातीचा दाखला, असं एकेक करून झोकात सरकत होतं. मला बोलावलं होतं प्रिंटरसाठी. मी आधी तो स्क्रीनसेव्हर बंद केला, मग प्रिंटर उघडला.

आता मुख्य तक्रार. स्क्रीनसेव्हर लागत नाही म्हटलं की लोक स्क्रीनसेव्हर बदलून बघतात. रिबन्स काढून बबल्स लावतात, बबल्स काढून मिस्टिफाय. त्याने काही होत नाही, कारण दोष बहुधा त्याच्यात नसतोच. विंडोज आत एक घड्याळ चालवतं: शेवटचं बटण दाबल्यापासून, शेवटचा माऊस हलल्यापासून किती वेळ गेला. तो वेळ 10 मिनिटांवर पोचला की स्क्रीनसेव्हर सुटतो. मध्ये काहीही हललं की घड्याळ परत शून्यावर. म्हणजे खरा प्रश्न हा की तुमच्या त्या दोन मशीनवर घड्याळ कोण मागे फिरवतंय.

पण त्याआधी एक फालतू वाटणारी गोष्ट तपासा. मी पाहिलेल्या तक्रारींतल्या बऱ्याच इथेच संपतात. 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'पॉवर'मध्ये जाऊन पडदा किती वेळाने बंद होतो ते बघा. तिथे 5 मिनिटं असतील आणि स्क्रीनसेव्हर 10 वर असेल, तर पाचव्या मिनिटाला पडदाच झोपतो. स्क्रीनसेव्हर दिसायला पडदा जागा हवा ना! लॅपटॉपवर बॅटरीचा वेळ वेगळा आणि चार्जरचा वेगळा असतो, म्हणून 'घरी लागतो, ऑफिसात लागत नाही' अशी कोडी तयार होतात. स्क्रीनसेव्हरचा वेळ नेहमी पडदा बंद होण्याच्या वेळेपेक्षा कमी ठेवा.

ते ठीक असेल तर प्रिव्ह्यू करून बघा, पण माऊसने नको. स्क्रीनसेव्हरची खिडकी उघडायला टास्कबारच्या शोधपट्टीत 'चेंज स्क्रीन सेव्हर' असं इंग्रजीत लिहा, म्हणजे सेटिंग्जच्या जंगलात फिरावं लागत नाही. खिडकी उघडली की टॅब दाबत 'प्रिव्ह्यू' बटणापर्यंत जा, स्पेसबार दाबा आणि दोन्ही हात टेबलावरून उचला. तीन गोष्टी होऊ शकतात. स्क्रीनसेव्हर नीट चालू राहिला, तर तो निर्दोष आहे, घड्याळ अडवणारा दुसरा कोणी आहे. क्षणभर चमकून लगेच परत डेस्कटॉप आला, तर हात न लावता काहीतरी हलतंय, आणि ते नव्वद टक्के माऊसच आहे. काहीच झालं नाही, तर फाइल बिघडली आहे; आणि 'प्रिव्ह्यू' बटणच फिकं पडलेलं असेल, तर वर 'नन', म्हणजे काहीच नाही, निवडलेलं आहे. हसू नका, 'नन' निवडून तक्रार करणारे मी पाहिलेत.

माऊस हात न लावता कसा हलेल, असं वाटेल. ऑप्टिकल माऊस खालच्या पृष्ठभागाचे सतत फोटो काढून आपण किती सरकलो ते ठरवतो. खाली काच असेल, चकचकीत सनमायका असेल, किंवा भिंगात केस नाहीतर धुळीचा कण अडकला असेल, तर स्थिर माऊसलाही भास होतो की आपण सरकलो. बाण डोळ्याला हललेला दिसतही नाही, पण घड्याळ शून्यावर जातं. एका पतसंस्थेत फक्त कॅशियरच्या मशीनला हा त्रास होता. मशीन बदललं, विंडोज नवीन टाकलं, तरी तेच. शेवटी कळलं की तिथे टेबलावर काच होती आणि काचेखाली देवाचा फोटो. माऊसखाली जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा ठेवला आणि भागलं. तुमच्याकडे तपासणी सोपी आहे: माऊस उताणा ठेवून जेवायला जा. परत येईपर्यंत स्क्रीनसेव्हर लागलेला असेल तर पॅड घ्या आणि भिंग पुसा.

माऊस निर्दोष निघाला तर बाकीची यूएसबी साधनं एकेक करून काढा. गेम खेळायचा जॉयस्टिक, पेन टॅबलेट, वायरलेस कीबोर्डचा जुना डोंगल यांच्याकडे आधी बघा. कीबोर्डवर फाइल टेकलेली नाही ना, हेही. कर सल्लागाराच्या टेबलावर मार्च महिन्यात कीबोर्ड दिसतो तरी का, हा वेगळा प्रश्न.

यानंतर येतात प्रोग्राम. व्हिडिओ चालू असताना पडदा झोपू नये म्हणून प्लेअर किंवा ब्राउझर विंडोजला सांगून ठेवतो: मी काम करतोय, पडदा जागा ठेव. ही विनंती कोणी केलीय ते विंडोज दाखवतं. स्टार्टवर राइट क्लिक करून 'टर्मिनल (अ‍ॅडमिन)' उघडा. मग इंग्रजीत 'पॉवरसीएफजी' हा शब्द सलग, एक मोकळी जागा, तिरकी रेघ (/) आणि तिला चिकटून 'रिक्वेस्ट्स', असं लिहून एंटर मारा. यादी येते. त्यात 'डिस्प्ले' या शब्दाखाली 'नन' असेल तर ठीक. तिथे क्रोम किंवा मीटिंगच्या अ‍ॅपचं नाव दिसलं तर बहुतेक तोच चोर. 'सिस्टिम' खाली नाव दिसलं तर मात्र गोंधळू नका. गाणं वाजत असलं की तिथे साउंड ड्रायव्हर दिसतो. त्याचा अर्थ मशीन स्वतःहून झोपणार नाही एवढाच. स्क्रीनसेव्हर त्याने अडत नाही.

ही आज्ञा तक्रार चालू असताना द्यायची, सगळं बंद करून नव्हे. आणि यादीत कोणी न सापडताही स्क्रीनसेव्हर अडू शकतो, कारण काही जुने प्रोग्राम विनंतीच्या भानगडीत पडत नाहीत. विंडोज 'आता स्क्रीनसेव्हर लावतो' असा निरोप समोरच्या खिडकीला पाठवतं आणि ते तो निरोप गिळून टाकतात. अशा वेळी यादी कामाची नाही. नेहमी उघडे असलेले प्रोग्राम एकेक बंद करायचे आणि दर वेळी स्क्रीनसेव्हर एका मिनिटावर ठेवून वाट बघायची. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा रस्ता नाही. शिवाय ऑफिसात घरून काम करणारं कोणी असेल तर त्यांना हळूच विचारा, 'माऊस जिगलर' टाकलाय का. दूर बसलेल्या मॅनेजरला आपण जागे दिसावं म्हणून स्वतःच माऊस हलवणारं ते सॉफ्टवेअर असतं. त्याचा यूएसबी खेळणाही मिळतो आणि तो विंडोजला अस्सल माऊसच वाटतो.

स्क्रीनसेव्हरच्या खिडकीतले पर्यायच फिके पडलेले असतील, निवडताच येत नसतील, तर तो बिघाड नाही. कोणीतरी ग्रुप पॉलिसी, म्हणजे कंपनीने मशीनवर लादलेले नियम, लावली आहे. तुमच्या 8 मशीनच्या ऑफिसात हे होण्याची शक्यता कमी, पण मशीन सेकंडहँड कंपनीतून आली असतील तर तिथले नियम तसेच राहिलेले असू शकतात. तसं असेल तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या कोठारात, बोटं घालण्यापेक्षा विंडोज स्वच्छ नवीन टाका. दुसऱ्याच्या कंपनीचं आणखी काय काय राहिलंय कोणास ठाऊक.

आता काळ्या पडद्याचं मशीन. आधी ठरवा की मशीन मेलंय की फक्त चित्र. कॅप्स लॉक दाबा. दिवा पेटला-विझला तर मशीन जिवंत आहे. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. एक 'टिक' आवाज येतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. चित्र परत आलं तर गुन्हेगार ड्रायव्हर आहे. तो कार्ड बनवणाऱ्याच्या किंवा लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची फुकटची सॉफ्टवेअर नकोत, तीही त्या गणपतीच्याच जातकुळीची. ड्रायव्हर मिळेपर्यंत तिथे 'ब्लँक' स्क्रीनसेव्हर लावा. थ्रीडी टेक्स्ट, रिबन्स वगैरे ग्राफिक्स कार्डाला कामाला लावतात, ब्लँक नुसता काळा पडदा दाखवतो. चार बटणांनीही चित्र आलं नाही तर मॉनिटर आणि केबलकडे बघा. पडदा झोपून उठल्यावर काही मॉनिटर चुकीच्या पोर्टवर सिग्नल शोधत बसतात. मॉनिटरचं बटण बंद-चालू करून चित्र आलं तर मशीनला दोष देऊ नका.

ग्राफिक्सचा हा भार किती असतो ते एका जुन्या प्रसंगाने कळलं. 2000 च्या सुमारास एका संस्थेच्या सर्व्हरवर रात्रीचं बॅकअप सकाळपर्यंत संपत नसे. दिवसा तेच काम दोन तासांत व्हायचं. सर्व्हरवर थ्रीडी पाइप्सचा स्क्रीनसेव्हर होता, ते रंगीत नळ वळत वळत पडदा भरून टाकतात तो. सर्व्हरला धड ग्राफिक्स कार्ड नव्हतं, म्हणून एकेक नळ प्रोसेसर स्वतः रंगवत बसायचा. बंद खोलीत, रात्रभर, बघायला कोणी नसताना. काळा स्क्रीनसेव्हर लावला आणि दुसऱ्या दिवशी बॅकअप वेळेत झालं.

ओएलईडीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागेल. जुन्या काचेच्या सीआरटी मॉनिटरमध्ये आतून फॉस्फरचा लेप असायचा. त्यावर इलेक्ट्रॉन आदळले की तो चमकायचा, आणि एकाच जागी वर्षानुवर्षं आदळले की तिथला लेप झिजायचा. हिरव्या अक्षरांच्या मोनो मॉनिटरवर मशीन बंद असतानाही हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा मेनू वाचता यायचा, इतका तो काचेत बसलेला असायचा. यावर उपाय म्हणून जॉन सोचा यांनी आयबीएम पीसीसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला, जो डिसेंबर 1983 मध्ये 'सॉफ्टटॉक' मासिकात छापून आला. तीन मिनिटं कोणी काही केलं नाही तर तो पडदा काळा करायचा. बस, एवढंच. उडते टोस्टर, मासे, नळ हे सगळं नंतरचं. 1989 मध्ये मॅकवर 'आफ्टर डार्क' आलं आणि स्क्रीनसेव्हर ही हौसेची चीज झाली. आपल्याकडे तर पुढे कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरं आधी स्क्रीनसेव्हर बदलायला शिकायची, मग टायपिंग. विंडोज 98 वर मार्की या सरकत्या अक्षरांच्या स्क्रीनसेव्हरमध्ये फॉन्ट 'शिवाजी' निवडून 'सुस्वागतम' सरकवता आलं की क्लासवाल्याची कॉलर ताठ व्हायची.

मग एलसीडी आले. त्यांच्यात फॉस्फर जळणं नाही. एकच चित्र फार वेळ राहिलं तर त्याची पुसट सावली राहू शकते, पण ती बहुतेक वेळा हलती चित्रं काही तास चालवल्यावर जाते. तुमच्या बाकीच्या सात मॉनिटरना स्क्रीनसेव्हरची पडदा वाचवायला गरज नाही. वीजही वाचत नाही, कारण साध्या एलसीडीत चित्र काळं असलं तरी मागचा दिवा जळतच असतो. वीज वाचते ती पडदा बंद झाल्यावर. साधा मॉनिटर 20 वॉट धरा. सात मॉनिटर रोज तीन तास उगाच जळत राहिले तर 25 दिवसांत साडेदहा युनिट होतात. फार नाही, पण फुकट घालवायचं कारणही नाही.

ओएलईडीत मात्र चाळीस वर्षांपूर्वीचं दुखणं नव्या रूपात परत आलंय. तिथे मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, आणि जो ठिपका जास्त उजळतो तो लवकर थकतो. तुमच्या साहेबांच्या पडद्यावर दिवसभर काय असणार? खाली टास्कबार, वर एक्सेलची रिबन, मध्ये पांढऱ्या रकान्यांची जाळी. रोज तेच, त्याच जागी. म्हणून तिथे स्क्रीनसेव्हर अर्थपूर्ण आहे, पण तो ब्लँक. ओएलईडीवर काळा म्हणजे ठिपका खरोखर विझलेला असतो. उजळ फोटो फिरवणारा स्क्रीनसेव्हर तिथे पडदा वाचवत नाही, सगळा पडदा सारखा झिजवतो एवढंच. स्क्रीनसेव्हर 3 मिनिटांवर, पडदा बंद 5 मिनिटांवर, टास्कबार आपोआप लपणारा, विंडोज डार्क मोडमध्ये आणि ब्राइटनेस डोळ्याला पुरेल इतकाच. हे साहेबांना पटवणं तुमच्याकडे.

स्क्रीनसेव्हर आज ऑफिसात ठेवायचा तो कुलपासाठी. त्याच खिडकीत 'ऑन रिझ्यूम, डिस्प्ले लॉगऑन स्क्रीन' असं एक चौकोन आहे. त्यावर खूण नसेल तर तुमचा स्क्रीनसेव्हर म्हणजे दारावरचा पडदा, कोणीही बाजूला सारून आत येईल. खूण असेल तर परतताना पासवर्ड किंवा पिन मागितला जातो. लागल्यावर पहिल्या काही सेकंदांत माऊस हलवला तर पासवर्ड न मागताच सोडतो. ती सवलत आहे, बिघाड नाही. विंडोज 95-98 च्या स्क्रीनसेव्हर पासवर्डला मशीन रीस्टार्ट केलं की बगल देता यायची. आताचं कुलूप तसं नाही, ते लॉगिनचंच कुलूप आहे. तरी 10 मिनिटं हा वेळ तुमच्या कामासाठी जास्त आहे. समोर क्लायंट बसलेला असताना आतल्या खोलीत फाइल आणायला गेलात तर तेवढ्यात सगळं वाचून होतं. सात मशीनवर 5 मिनिटं ठेवा, आणि उठताना विंडोज आणि एल दाबायची सवय लावा.

साहेबांच्या घरी मॅक आहे असंही प्रश्नात ओझरतं आलंय, आणि तिथे स्क्रीनसेव्हर मध्येच, काम करता करता लागतो म्हणे. 'हॉट कॉर्नर्स' बघा. पडद्याच्या एखाद्या कोपऱ्यात बाण नेला की स्क्रीनसेव्हर लागावा अशी सोय मॅकमध्ये असते, आणि ती कोणीतरी कधीतरी चालू करून ठेवलेली असते. तो कोपरा रिकामा करा.

राहिलं एक. ओएलईडी मॉनिटर वापरून बंद झाल्यावर, स्टँडबायमध्ये असताना, ठिपक्यांची स्वतःच डागडुजी करतो. त्याला काही मिनिटं वीज लागते. संध्याकाळी कुलूप लावताना ऑफिसातल्या मावशी भिंतीवरच्या बोर्डाची सगळी बटणं एका हाताने खाली करत असतील, तर ती डागडुजी कधीच पुरी होणार नाही. साहेबांच्या टेबलामागच्या बोर्डावर त्या एका बटणाला चिकटपट्टी लावा आणि वर लिहा: 'हे चालू राहू द्या.'